ढकलत नेण्याचं अंतर

एखादं शहर सायकलसाठी कितपत चांगलं आहे हे ठरवायला जगभर समित्या बसतात. त्या ट्रॅकची लांबी मोजतात, झाडांची सावली मोजतात, हवेतला धूर मोजतात आणि शेवटी एक निर्देशांक काढतात. मी नाशिकमध्ये सायकल चालवतो आणि माझं माप जरा गावठी आहे. सायकल पंक्चर झाली की ती किती लांब ढकलत न्यावी लागते? जुन्या गावात, म्हणजे रविवार कारंजा, भद्रकाली, दहीपूल या बाजूला, घामाचा पहिला थेंब यायच्या आत कुणीतरी भेटतो. कॉलेज रोडला रुमाल काढावा लागतो. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे गेलात तर पाण्याची बाटली सोबत असलेली बरी. आणि पाथर्डी फाट्यापलीकडच्या नव्या वसाहतींत माणूस सायकल ढकलता ढकलता दोन-तीन फ्लॅटचे भाव विचारून येतो.

मोटारवाल्याला हे माप कळायचं नाही. त्याची गाडी बंद पडली की तो फोन करतो आणि सावली शोधतो. बाकीचं दुसरे बघतात. मोटरसायकल ढकलता येते, पण ढकलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहवत नाही. सायकल मात्र बिघडल्यावरही तुमच्याबरोबर चालते. हँडल धरलं की निमूट येते, फक्त बसलेलं चाक दर फेरीला एकदा 'फट्' असा आवाज करून परिस्थितीची जाणीव देत राहतं. त्यात आमचं जुनं गाव नऊ टेकड्यांवर वसलेलं, असं सांगतात. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, उतरताना सायकलच आपल्याला ओढून नेते. पंक्चर व्हायचं ते मात्र परतीच्या चढावर होतं. हा निसर्गनियम आहे की नाशिकचा स्थानिक नियम, ते ठरलेलं नाही.

पंक्चर सायकल घेऊन चालणाऱ्या माणसाशी शहर बोलायला लागतं. एरवी शेजारी शेजाऱ्याला ओळख देत नाही, पण चाक बसलेलं दिसलं की चहाच्या टपरीवरून, रिक्षातून, ओट्यावरून हाक येते, "पंक्चर का?" हो म्हणावं, पुढे चालावं. मग वाट सांगितली जाते. "सरळ जा भाऊ, पिंपळ लागेल, त्याच्याखाली एक जण बसतो." पिंपळ लागतो. त्याच्याखाली मोमोज मिळतात. पंक्चरवाला केव्हाच गावी निघून गेला हे मोमोजवाला सांगतो आणि पुढच्या चौकातल्या दुसऱ्याचा पत्ता देतो. वाट सांगणारा खोटं बोललेला नसतो. त्याची स्वतःची शेवटची सायकल त्या पिंपळाखाली दुरुस्त झाली होती. त्यानंतर त्याने मोटरसायकल घेतली आणि त्याच्या डोक्यातला नकाशा तिथेच थांबला.

आमच्या भागात मामा अजून आहेत. त्यांना सगळे मामाच म्हणतात, वयाने त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक हातपंप, मोटरसायकलींसाठी एक लहानसा कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि झाडाच्या फांदीला टांगलेला जुना टायर. हा टायर म्हणजेच पाटी, आणि ती वाचायला शाळेत जावं लागत नाही. पेटीच्या झाकणाला आतून सप्तशृंगीचा फोटो. खाली डब्यांत छर्रे, कोन, कॉटर पिना, ब्रेकचे रबर, आऱ्यांची जुडी आणि व्हॉल्व्ह ट्यूबची वेटोळी. ज्या ट्यूबा मेल्या त्यांचे तुकडे इतर ट्यूबांना ठिगळ म्हणून लागतात. त्यातूनही उरलेल्या पट्ट्या कॅरियरला सामान बांधायला जातात. पर्यावरणावरच्या परिसंवादात जे तीन तास सांगतात ते मामांच्या पेटीत गेली कित्येक वर्षं चालू आहे, चहासुद्धा न देता.

पंक्चर काढणं हा बघण्याचा कार्यक्रम आहे. मामा सायकल आडवी करतात. दोन पाने टायरच्या कडेखाली सारून एका झटक्यात टायर रिमबाहेर. ट्यूब ओढून तिच्यात हवा भरतात आणि फुगलेली ट्यूब घमेल्यात बुडवत हळूहळू फिरवतात. इथे गप्पा आपोआप थांबतात. बुडबुडे आले की मामा त्या जागी बोट ठेवून माझ्याकडे पाहतात. मी मान हलवली की पुढचं काम सुरू. कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, ते वाळेपर्यंत थांबायचं. इथे घाई करणाऱ्याला तेच पंक्चर दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतं. मग ठिगळ दाबून हातोडीने ठोकायचं, पुन्हा पाण्यात बुडवून बघायचं. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवत काटा शोधायचा. शहराबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला बाभळी आहेत, त्यामुळे शोध सहसा वाया जात नाही. काटा सापडला की मामा तो तळहातावर घेऊन मला दाखवतात.

या दाखवण्याला फार मोल आहे. मोटारीच्या सर्व्हिस सेंटरात गाडी काचेपलीकडे जाते. आपण सोफ्यावर बसून मागच्या दिवाळीचं मासिक चाळतो. तासाभराने एक कागद येतो. त्यात आपल्याला न कळणाऱ्या भागांना न कळणारं काहीतरी झालेलं असतं आणि रक्कम तेवढी कळते. मामांच्या दुकानात बिघाड डोळ्यांना दिसतो, दुरुस्ती डोळ्यांना दिसते आणि पैसे आधीच ठाऊक असतात. आरोपी तळहातावर हजर, गुन्ह्याची जागा बुडबुड्यांनी दाखवलेली, निकाल पंधरा मिनिटांत आणि खर्च वीस-तीस रुपये. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा, इतकं जलद काम त्यांनी कुठे पाहिलंय का.

या सगळ्या धंद्याचं मूळ एका बापाच्या मायेत आहे. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांच्या मुलाची तिचाकी सायकल भरीव रबराच्या चाकांवर दणदण उडायची. पोराला हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी त्या चाकांना हवा भरलेल्या नळ्या बसवल्या आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या भरीव चाकांना पंक्चर नव्हतं, म्हणून पंक्चरवालाही नव्हता. हे डनलॉप पेशाने डॉक्टर होते. माणसांचे नव्हे, जनावरांचे. पण तेव्हापासून डॉक्टरांनी सायकलचा पिच्छा सोडलेला नाही, निदान नाशिकमध्ये तरी.

२०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत. भारतीयांनी ही स्पर्धा पुरी करण्याची ती पहिलीच वेळ. पुढे २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करातले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ, यांनी तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नागपूरचे अमित समर्थही पोहोचले, आणि अर्थातच तेही डॉक्टर.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. पूर्वी नाशिकचे डॉक्टर पेशंटला "रोज चालायला जा" म्हणत. आता ते त्याच्या पोटाकडे पाहून "सायकल घ्या" म्हणतात आणि कोणती घ्यावी यावर औषधांपेक्षा जास्त वेळ बोलतात. रविवारी उजाडायच्या आत त्र्यंबक रोडला आणि गंगापूर धरणाच्या वाटेला अंगासरशी कपड्यांतले सनदी लेखापाल, बिल्डर, प्राध्यापक आणि दंतवैद्य दिसतात. प्रत्येकाच्या सीटखाली लाल दिवा लुकलुकत असतो. आठच्या सुमाराला हेच लोक मिसळीच्या रांगेत असतात. जाळलेल्या कॅलरी इतक्या थोड्या अंतरात आणि इतक्या तर्रीसकट परत मिळवून देणारं शहर दुसरं नसेल. नाशिक सायकलिस्ट्सची मंडळी तर सायकलवरून पंढरपूरची वारीही करतात. नाशिकचा सायकलवाला असा एकाच वर्षात खेळाडू, वारकरी आणि खवय्या असतो.

अमेरिकेतल्या त्या स्पर्धेत ढकलत नेण्याचं अंतर शून्य असतं, हे मला फार आवडतं. स्पर्धकाच्या मागे त्याची गाडी चालते आणि तिच्यात सुटी चाकं, पाने आणि दुरुस्ती करणारा माणूस बसलेला असतो. म्हणजे पंक्चरवाला गिऱ्हाइकाच्या मागोमाग एक अख्खा देश ओलांडतो. याच्या उलट 'ब्रेव्हे' नावाचा लांब पल्ल्याचा प्रकार. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. तिथे वाटेत मागून गाडी नाही. जे बिघडेल ते आपणच नीट करायचं. त्यामुळे दिवसा ज्यांच्या हाताखाली चार परिचारिका असतात असे शल्यविशारद रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेला, कपाळावर दिवा बांधून, एकटे ट्यूब बदलतात. मामा म्हणतात, अशा डॉक्टरांवर आपला जास्त विश्वास आहे.

हा विश्वास एका प्रसंगातून आलेला आहे. आमच्या सोसायटीतल्या एका डॉक्टरांची नवी सायकल मामांच्या पेटीसमोर येऊन थांबली. फ्रेम कार्बनची. किंमत ऐकल्यावर मामांनी ती झाडाला टेकवायचं टाळलं आणि स्वतःच धरून उभे राहिले. मग वाकून चाकाकडे पाहिलं.

"डॉक्टर, हिचा व्हॉल्व्ह कुठाय?"

"हा काय."

"हा? ही तर सुई झाली."

"मामा, याला प्रेस्टा व्हॉल्व्ह म्हणतात. वरची चकती आधी सैल करायची."

मामांनी सैल केली. फुस्स झालं. पण त्यांच्या पंपाचं तोंड काही त्या सुईवर बसेना. त्यांची हयात जाड व्हॉल्व्हवर गेलेली: पितळी नळी, तिच्यावर चढवायचं बोटभर रबर, वर एक नट. ते रबर कुजलं की हवा जाते, आणि दोन रुपयांत नवं मिळतं. डॉक्टरांनी सीटखालच्या पिशवीतून पितळेची एक टोपी काढली आणि सुईवर फिरवून बसवली. त्यावर मामांची मोटरसायकलला हवा भरायची नळी बरोबर बसली.

"किती भरू?"

"नव्वद."

"नव्वद काय?"

"पीएसआय. तुमच्याकडे मीटर नाहीये?"

मामांनी उजव्या हाताचा अंगठा दाखवला. डॉक्टरांनी क्षणभर त्याचा भलताच अर्थ घेतला. पण मामा त्या अंगठ्याने टायर दाबून बघू लागले तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर घरी गेले, त्यांनी आपलं मीटर लावलं, साठ भरली. मामांच्या अंगठ्याने जन्मभर दूधवाल्यांचे जाड टायर दाबले होते, त्याला एवढ्या बारीक टायरचा घट्टपणा पुरेसा वाटला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर एक मीटर आणि पितळेची टोपी मामांना देऊन गेले. टोपी आता दोऱ्याने पेटीला बांधलेली असते. मीटरही वापरात आहे. मामा काट्यावर नव्वद आकडा बघतात आणि मग अंगठ्याने खात्री करून घेतात.

डॉक्टरांच्या सायकलसाठी शहरात वेगळी दुकानं आहेत, आणि त्यांची थट्टा करणं सोपं आहे. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर टांगलेली चाकं, कॉफी. "सर, सर्व्हिसिंगचा स्लॉट गुरुवारचा मिळेल." तिथे सायकल जमिनीवर आडवी करत नाहीत, स्टँडला धरून छातीएवढ्या उंचीवर टांगतात, म्हणजे कारागिराची कंबर शाबूत राहते. मामांनी ही सोय तीस वर्षांपूर्वी पाहिली असती तर आज त्यांच्या कमरेचा पट्टा डॉक्टरांनी लिहून दिला नसता. तिथली पोरं हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढतात, गिअरचा वाकलेला हँगर मापाने सरळ करतात, आणि कार्बनच्या दांड्यावरचा बोल्ट पाच न्यूटन मीटरच्या पुढे आवळत नाहीत, कारण सहाव्याला कट्‌ असा आवाज येऊन पन्नास हजार जाऊ शकतात. दिवस संपताना त्यांचीही नखं मामांच्याइतकीच काळी असतात. माझी तक्रार एवढीच की त्या दुकानापर्यंत सायकल ढकलत कुणी नेत नाही. ती मोटारीच्या मागच्या रॅकवर बसून येते. सायकलला डॉक्टरकडे न्यायला मोटार लागते, यावर डॉक्टरांनाही काही सुचत नाही.

दोन्ही दुकानांमधलं अंतर मोजायचं तर ते तेरा मिलिमीटर आहे. आपल्या जुन्या उंच काळ्या सायकलच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर, आणि नव्या रोड बाइकचा ६२२. बोलताना दोघींनाही अठ्ठावीस इंची म्हणून टाकता येतं, पण हिचा टायर तिला बसत नाही आणि तिचा हिला बसत नाही. एका शहरात, एका रस्त्यावर, एकाच सिग्नलला या दोघी शेजारी उभ्या राहतात. एकीच्या हँडलला डबा, दुसरीच्या हँडलला जीपीएस.

डबेवाली सायकल सकाळी सातपूरला किंवा अंबडला चाललेली असते. तिथल्या कारखान्यांची पहिली पाळी धरायची तर घरून अंधारात निघावं लागतं, आणि बाभळीच्या काट्याला पाळी कळत नाही. रविवारच्या सायकलवाल्याचं पंक्चर झालं तर मिसळ उशिरा मिळते. या माणसाचं झालं तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. माझं माप त्याच्यासाठी गंमत नाही. तो दोन किलोमीटर ढकलत आला आणि दुकान उघडलेलं नसलं, तर शहर त्याच्यापुरतं बंद आहे. म्हणून मामा पहाटे येतात. "नंतर दिवसभर झोपा काढल्या तरी चालतात," असं म्हणतात, आणि काही वेळा काढतातही.

२०२० साली टाळेबंदी सैल झाली तेव्हा सायकलींना एकदम भाव आला. दुकानदार नाव लिहून घेत आणि महिन्याने या म्हणत. त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याच्या फाटकावर काम बंद झाल्याची नोटीस लागली. ज्या कंपनीच्या सायकलींवर अर्धा देश नोकरीला गेला ती अशी थांबली. मामांना ही बातमी मी सांगितली. ते म्हणाले, "कारखाना बंद पडू दे, पण ती फ्रेम नाही मरायची. वीस वर्षं अजून माझ्याकडे येत राहील." आणि एका अ‍ॅटलसच्या मागच्या चाकाचा आऊट काढायला बसले.

आऊट काढणं हे या धंद्यातलं शास्त्रीय गायन. जुन्या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस आरे असतात, पुढच्याला बत्तीस. अर्धे रिमला डावीकडे ओढतात, अर्धे उजवीकडे. खड्ड्यात आपटलं की एखादा सैल होतो आणि चाक झोकांडत फिरायला लागतं. मग चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथे खडूची रेघ उमटली तिथला एक आरा पाव फेरी सैल, समोरचा पाव फेरी घट्ट. मामा मध्ये मध्ये आऱ्यांवर टिचकी मारून कान देतात, तंबोरा लावणाऱ्यासारखे. एखादा आरा बद्द वाजला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. नव्या दुकानात यासाठी मापाचं यंत्र आहे आणि तिथलं चाक जास्त सरळ निघतं हे मी पाहिलेलं आहे. पण तिथे आठी कुणाच्या कपाळाला पडते ते दिसत नाही, कारण काम आतल्या खोलीत चालतं.

मामांचा खरा शत्रू म्हणजे पोरांच्या गिअरच्या स्वस्त सायकली. वाढदिवसाला घेतलेल्या असतात, पुढे तीन चकत्या, मागे सात, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातला एकच गिअर जिवंत राहतो. आईबाप विचारतात, "मामा, दुरुस्त होईल का?" मामा म्हणतात, "होईल. पण गिअर काढून टाकले तर जास्त दुरुस्त होईल." चेन आखूड करून एकाच चकतीवर बसवतात. मुलगा दोन दिवस रुसतो. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढे असतो, कारण बाकीच्यांच्या चेन उतरत असतात.

सायकलसाठी काहीच केलं गेलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ असा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला आणि त्याला सायकल ट्रॅकही मिळाला. पंक्चर होऊन ढकलायला याहून चांगली जागा शहरात नाही. फक्त ट्रॅक संपला तरी दुकान येत नाही. त्याच सुमाराला मोबाइलवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही शहरात आल्या. छान दिसत होत्या. पण त्यातली एखादी पंक्चर झाली की माणूस ती तिथेच टेकवून रिक्षा करायचा. मी एकालाही ती ढकलत नेताना पाहिलं नाही. का नेईल? जुन्या काळी तासाच्या बोलीवर मिळणारी सायकल पोरं दुकानापर्यंत ढकलत नेत, कारण दुकानदार बापाला ओळखत असे. मोबाइल बापाला ओळखत नाही. त्या सायकली गेल्या. जी सायकल कुणीच ढकलत नाही ती फार दिवस टिकत नाही, असा निष्कर्ष मी काढून ठेवला आहे. समितीला हवा असेल तर देईन.

आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. रस्ते होणार म्हणजे आधी ते खणले जाणार, आणि खणलेल्या रस्त्यावर काट्यांच्या जोडीला खिळे, तारा आणि खडीही मिळते. मामांच्या धंद्याच्या दृष्टीने हा पर्वकाळच. पण रस्ता रुंद होताना कडेचं झाड आणि झाडाखालची पेटी आधी जाते. ट्रॅक हा विकास आणि पंक्चरवाला हे अतिक्रमण, असं हे गणित आहे.

मी मामांना सांगितलं की २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात नुसते माल विकणारेच नाहीत, रस्त्यावर सेवा देणारेही येतात. म्हणजे तुम्हीसुद्धा त्यात आहात. मामांनी हातातला पाना खाली ठेवून ऐकलं.

"सर, कायद्यात आपण आहोत हे चांगलंच झालं. पण अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की वाचून दाखवायला वेळ मिळतो का?"

"मग काय करता?"

"पेटी उचलायची. आता कमरेला उचलत नाही, म्हणून हे केलं."

त्यांनी पेटीवरची ताडपत्री वर केली. पेटीखाली लोखंडी सांगाडा आणि त्याला दोन चाकं, एक अठ्ठावीस इंची आणि एक जरा लहान, जशी मिळाली तशी. दुकान थोडं डावीकडे कललेलं होतं, पण आऊट अजिबात नव्हता. गाडी आल्याची खबर लागली की मामा दुकान घेऊन आतल्या गल्लीत जातात आणि ती गेली की परत येतात.

मला या कललेल्या दुकानात मोठी योजना दिसते. महापालिकेने नवे ट्रॅक जरूर करावेत, पण त्यांच्या नकाशावर दर अर्ध्या किलोमीटरला एक ठिपका काढावा आणि तिथे दहा बाय दहा फुटांची सावली, पाण्याचा नळ आणि पहाटे सहाला उठणारा माणूस द्यावा. ट्रॅकच्या खर्चात हे ठिपके हिशेबालाही लागणार नाहीत. तोवर आपल्या हातात आहे ते आपण करावं. सायकल धडधाकट असतानाच आपला पंक्चरवाला कोण ते शोधून ठेवावं, वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंगला सायकल त्याच्याकडे द्यावी, आणि तो तीस रुपये म्हणाला की "वीस घ्या ना" हे वाक्य गिळावं. एवढं करूनही तीस रुपये जास्त वाटत असतील त्यांनी घरी, टाइल्सवर बसून, मागच्या चाकाचा टायर एकदा आपल्या हातांनी रिमवर चढवून बघावा. संध्याकाळी मामांकडे जाल तेव्हा ते पंक्चरचे तीस घेतील आणि तुम्ही पान्याने चिमटवून फाडलेल्या ट्यूबचे वेगळे लावतील.